चेहरा नाही, तरी पोर्ट्रेट?

मागच्या अंकात मधल्या पानावर मार्सडन हार्टली या अमेरिकन चित्रकाराचं ‘पोर्ट्रेट ऑफ अ जर्मन ऑफिसर’ हे १९१४ सालचं, चेहरा नसलेलं, नुसत्या वस्तूंचं चित्र छापलं होतं. खाली फक्त दोन ओळी होत्या, की हार्टली बर्लिनला राहत होता, त्याचा जवळचा माणूस पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि त्यानंतर लगेच नोव्हेंबरमधे त्याने हे काढलं. त्यावर इतक्या जणांनी लिहिलंय की या वेळचा सगळा कॉलम त्याच एका चित्राला द्यायचं ठरवलं. एका आजोबांनी नातवाच्या मोबाइलवरून व्हॉइस मेसेज पाठवला, “हाई काय शे ताई?” (हे काय आहे ताई?) एवढंच. मला वाटतं बाकीचे सगळे प्रश्न याच प्रश्नाच्या पोटातले आहेत.

प्रश्न : ताई, मी चित्रकलेच्या डिप्लोमाला आहे, दुसऱ्या वर्षाला. माझे पप्पा रेल्वेत गार्ड होते, भुसावळ डिव्हिजनला, मागच्या वर्षी गेले. त्यांचं पोर्ट्रेट करायला घेतलं की फोटोवरून चेहरा बरोबर उतरतो पण ते पप्पा वाटतच नाहीत, आणि मग पुढे हात चालत नाही. तुम्ही छापलेलं चित्र बघितल्यापासून वाटतंय की त्यांच्या झेंड्या, शिट्टी, सिग्नलचा हातदिवा, ड्यूटीची पेटी एवढंच घेऊन करावं. ड्यूटी नसली की ते पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसायचे, मम्मीने ती कात्रणं अजून ठेवलीयेत. पण सर म्हणतात, चेहरा नसेल तर ते पोर्ट्रेट नाही, ते वस्तुचित्र झालं. खरं काय?
(एक विद्यार्थिनी, भुसावळ)

उत्तर : परीक्षेपुरतं सरांचं बरोबर आहे, आधी ते सांगते. व्यक्तिचित्रणाच्या पेपरला समोर बसलेल्या माणसाचं प्रमाण, हाडांची ठेवण, उजेड-सावली हेच बघतात, तिथे वाद घालू नकोस, ते नीट शिकून घे, पुढे कामालाच येतं. पण पप्पांसाठी तुला जे करायचंय ते मार्कांसाठी नाहीये ना. आणि त्या बाबतीत तुझं मन जिकडे ओढ घेतंय तिकडे शंभर वर्षांपूर्वी एक माणूस गेलेला आहे, आणि तो जे करून ठेवून गेला त्याला आज जगभर पोर्ट्रेटच म्हणतात, त्यानेही नावात पोर्ट्रेटच लिहिलं.

हार्टली १८७७ साली अमेरिकेच्या मेन राज्यात लुइस्टन गावी जन्मला. कापडगिरण्यांचं गाव, वडील गिरणीत कामाला, आणि हा आठ वर्षांचा असतानाच आई गेली. १९१२ ला तो पॅरिसला पोचला, तिथे त्याची अर्नोल्ड रोनेबेक या जर्मन शिल्पकाराशी आणि रोनेबेकच्या नात्यातला भाऊ कार्ल फॉन फ्राइबुर्ग याच्याशी ओळख झाली. फ्राइबुर्ग लष्करात अधिकारी, तरुण, देखणा. पुढच्याच वर्षी हार्टली बर्लिनला राहायला गेला आणि त्या शहरातली संचलनं, गणवेश, घोडे, झेंडे हे सगळं बघून अक्षरशः भारावला. मग ऑगस्ट १९१४ ला युद्ध सुरू झालं, त्याच महिन्यात तिकडे अमेरिकेत त्याचे वडील वारले, आणि ७ ऑक्टोबरला फ्राइबुर्ग आघाडीवर मारला गेला. वय २४.

हार्टलीचं त्याच्यावर प्रेम होतं. हे मी आडून आडून न लिहिता सरळ लिहितेय कारण त्याशिवाय हे चित्र कळत नाही. दोन पुरुषांमधलं नातं तेव्हा जर्मनीत कायद्याने गुन्हा होतं (आपल्याकडे २०१८ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला तोपर्यंत काय होतं ते आठवा), त्यामुळे उघडपणे रडायलासुद्धा त्याला जागा नव्हती. घरातला माणूस गेला की लोक भेटायला येतात, दहावा होतो, तेरावा होतो, चार लोक त्याच्या गोष्टी सांगतात. हार्टलीच्या वाट्याला यातलं काहीच नव्हतं. तो त्या माणसाचा ‘कोणीच’ नव्हता.

आता चित्र परत बघ. सगळी मागची बाजू काळी, आणि त्या काळ्यावर वस्तूंची दाटी. जर्मन साम्राज्याच्या झेंड्याचे काळे-पांढरे-लाल पट्टे, बव्हेरियाच्या झेंड्यातले निळे-पांढरे शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन, वरच्या भागात आयर्न क्रॉस हे पदक, घोडेस्वाराच्या बुटाला लावायची लोखंडी आर (स्पर), गणवेशाचे गोंडे. खाली कोपऱ्यात के, व्ही, एफ ही जर्मन लिपीतली आद्याक्षरं, म्हणजे कार्ल फॉन फ्राइबुर्ग. २४ हा आकडा म्हणजे त्याचं वय. ४ म्हणजे त्याची रेजिमेंट. ई हे अक्षर आहे ते राणी एलिझाबेथच्या नावाच्या रेजिमेंटचं, रोनेबेक त्या रेजिमेंटमधे होता आणि तोही युद्धात जखमी झाला होता. आणि या सगळ्यात बुद्धिबळाच्या पटाचे काळे-पांढरे चौकोन, कारण फ्राइबुर्गला बुद्धिबळ फार आवडायचं.

माझ्या मते सगळं चित्र त्या बुद्धिबळाच्या पटावर उभं आहे. झेंडे, पदक, गोंडे हे हजारो अधिकाऱ्यांचे होते, दुकानात मिळतील असे. पट मात्र या एकाच माणसाचा. म्हणून तुझ्या पत्रात मला झेंड्या आणि दिव्यापेक्षा ती शब्दकोड्याची ओळ महत्त्वाची वाटली, तू ती जाता जाता लिहिलीयेस पण तुझं पोर्ट्रेट तिथून सुरू होईल असं मला वाटतं. लाल-हिरवी झेंडी, शिट्टी, शेवटच्या डब्याच्या मागची ती पिवळी फुली, एलव्हीची म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’ची पाटी, हे कुठल्याही गार्डचं होऊ शकतं. अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं, त्यात पप्पांच्या हातची अक्षरं, ते कोणाचं दुसऱ्याचं होणार नाही. आणि काळे-पांढरे चौकोन चित्रात किती ताकदीने उभे राहतात ते हार्टलीकडे दिसतंच आहे.

आता थोडं कामाचं. हार्टलीने बऱ्याच वस्तू पूर्ण दाखवलेल्या नाहीत, झेंडा आहे तर तो कापलेला, एकावर दुसरं काहीतरी चढलेलं. सावली नाही, उजेड कुठून येतो ते नाही, लांब-जवळ नाही, सगळं एकाच पातळीवर पुढे रेटलेलं. हे तो पिकासो-ब्राकच्या क्यूबिझमकडून, म्हणजे वस्तूचे तुकडे करून ते सपाट मांडायच्या पद्धतीतून शिकला, आणि रंगांचा जोर कांडिन्स्की, फ्रान्झ मार्क या जर्मनीतल्या मंडळींकडून, त्यांना तो १९१३ ला भेटला होता. रंग जाड लावलाय, ब्रशचे फटकारे दिसतात, पट्ट्यांच्या कडा पट्टी लावून ओढल्यासारख्या नाहीयेत. म्हणजे तू मास्किंग टेप लावून कडा एकदम धारदार करशील ना तर ते साइनबोर्ड होईल, हातानेच ओढ, थोडं हललं तर हलू दे. काळा रंग आधी लावून त्यावर काम कर, नंतर वस्तूंच्या मधल्या फटीत काळा भरत बसशील तर तो मागे जाणार नाही, वर तरंगेल.

आणि साइझ. ते चित्र साधारण १७३ सेंटिमीटर उंच आणि १०५ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे जवळजवळ पावणेसहा फूट. माणसाएवढं. सगळ्या वस्तूंची रचना पण छाती-खांदे-कंबर अशी बघणाऱ्याला जाणवते, जणू गणवेश उभा आहे. पत्रिकेच्या पानावर हे कळत नाही, म्हणून सांगते, चौथाई शीटवर हे करू नकोस. मोठा कॅनव्हास परवडत नसेल तर जाड मांजरपाट घेऊन लाकडी फ्रेमवर ताण आणि प्रायमर लाव, पण पप्पांच्या उंचीचा घे.

फोटोवरून चेहरा बरोबर येतो तरी पप्पा वाटत नाहीत असं तू लिहिलंस, त्याबद्दल एकच. फोटोतला चेहरा हा त्या एका सेकंदाचा असतो गं, आणि तुझ्या मनातले वडील वीस वर्षांच्या सहवासाचे आहेत.

प्रश्न : आपण दिलेल्या चित्राविषयी थोडे वाचले. १९१६ मध्ये न्यूयॉर्कला ही चित्रे लावली तेव्हा खुद्द हार्टलीनेच सांगितले होते म्हणे की यात कुठलेही छुपे प्रतीक नाही. मग आद्याक्षरे, वय, रेजिमेंट हे सर्व समीक्षकांनी नंतर चिकटवले काय? चित्रकाराचे मानावे की समीक्षकाचे?
(एक निवृत्त शिक्षक, अमळनेर)

उत्तर : गुरुजी, तुम्ही वाचलं ते खरं आहे. १९१६ च्या एप्रिलमधे आल्फ्रेड स्टीग्लिट्झच्या ‘२९१’ या गॅलरीत ही युद्धकाळातली चित्रं लागली, आणि सोबतच्या निवेदनात हार्टलीने म्हटलं की हे आकार मी रोज येता-जाता पाहिलेले आहेत, यात लपवलेलं प्रतीक वगैरे काही नाही.

पण तो काळ बघा. युरोपात युद्ध पेटलेलं, अमेरिका अजून उतरली नव्हती (ती एप्रिल १९१७ ला उतरली) तरी जर्मनांविरुद्ध वातावरण तापलेलं होतं. अशा वेळी एका अमेरिकन माणसाने जर्मन झेंडे आणि आयर्न क्रॉस भिंतीवर लावायचे आणि वर सांगायचं की हे माझ्या जिवलग जर्मन अधिकाऱ्याचं स्मारक आहे? त्याला दोन गोष्टी झाकायच्या होत्या, एक जर्मनीबद्दलची माया आणि दुसरी त्या माणसाबद्दलची. पहिलीने चित्रं बदनाम झाली असती, दुसरीने तो स्वतः उद्ध्वस्त झाला असता. म्हणून त्याने जे सांगितलं ते मी खोटेपणा म्हणून मोजत नाही.

आणि समीक्षकांनी चिकटवलं असंही नाही. वस्तूंचे अर्थ पुढे रोनेबेकनेच सांगितले, तो नंतर अमेरिकेत येऊन राहिला होता, फ्राइबुर्गला आणि हार्टलीला दोघांनाही जवळून ओळखणारा. शिवाय अक्षरं आणि आकडे तर उघड्यावर रंगवलेले आहेत. ज्याला लपवायचंच आहे तो मेलेल्या माणसाची आद्याक्षरं खालच्या कोपऱ्यात का लिहील? मला ते वाचताना नेहमी वाटतं की तोंडाने नाही म्हणणारा माणूस हाताने हो म्हणतोय, आणि चित्रकाराच्या बाबतीत मी हाताचं मानते.

हो, एक आहे. ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणजे अमूर्त हा शब्द ऐकला की आपण धरून चालतो की यात अर्थ नसतो, नुसता रंग-आकाराचा खेळ. हे चित्र त्या समजुतीत बसत नाही. इथे ॲबस्ट्रॅक्शनचा त्याला आडोसा मिळालाय, म्हणजे ज्याला कळायचं त्याला कळेल आणि ज्याला नाही कळायचं तो झेंड्यांची नक्षी समजून पुढे जाईल. तशी सोय चेहऱ्याच्या पोर्ट्रेटमधे नव्हती.

प्रश्न : ताई, माफ करा पण मला हे चित्र आवडलं नाही. जर्मन सैन्य, पदकं, झेंडे, हे तर युद्धाचं उदात्तीकरण आहे. आणि तो क्रॉस तर हिटलरवाल्यांचा ना? आपण अशी चित्रं का छापायची?
(एक वाचक, धुळे)

उत्तर : भाऊ, माफी कशाला, असं स्पष्ट लिहिलं की बरं वाटतं. क्रॉसचं आधी सांगते. आयर्न क्रॉस हे पदक प्रशियाच्या राजाने १८१३ साली नेपोलियनविरुद्धच्या लढाईच्या वेळी सुरू केलं, म्हणजे हिटलरच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी. पुढे नाझींनी ते वापरलं म्हणून आपल्याला ते तसंच आठवतं. १९१४ च्या चित्रात तो अर्थ असू शकत नाही.

पण तुमचा मूळ आक्षेप मी उडवून लावणार नाही. हार्टलीला गणवेशाचं, संचलनाचं आकर्षण होतं हे खरंच आहे, १९१३ ला त्याने बर्लिनमधे सैनिकांची जी चित्रं केली ती एखाद्या उत्सवासारखी झगमगीत आहेत, त्यात पुढे येणाऱ्या संहाराची चाहूलसुद्धा नाहीये. ते आकर्षण या चित्रातही शिल्लक आहे, रंगांत दिसतं. ते पुसून त्याला युद्धविरोधी चित्रकार करायचा प्रयत्न काही जण करतात, मला ते पटत नाही.

तरी याला उदात्तीकरण म्हणायला माझं मन तयार नाही, आणि त्याचं कारण आपल्याच गावांच्या बाहेर उभे असलेले वीरगळ. वीरगळ तुम्ही पाहिले असतील, खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे त्याची कीर्ती तोवर टिकणार. तिथे समाज सांगतो की याचं मरण सार्थकी लागलं. हार्टलीच्या चित्रात लढाई नाही, शत्रू नाही, विजय नाही, स्वर्ग तर नाहीच. फक्त अंगावरचं सामान आहे आणि ते घालणारा नाहीये. कोणासाठी मेला, कशासाठी मेला, यावर एक शब्द नाही. देशासाठी मेला म्हणून अभिमान वाटतो असं म्हणणारं चित्र असतं तर मागे एवढा काळा रंग कशाला लागला असता?

आणि त्या युद्धाने दोन्हीकडची किती माणसं खाल्ली बघा, चित्रकारांमधलेच सांगते, ऑगस्ट माके सप्टेंबर १९१४ मधे गेला, म्हणजे युद्ध सुरू होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते, आणि वर लिहिलं तो फ्रान्झ मार्क मार्च १९१६ ला व्हर्डनला. दोघंही जर्मन सैन्यात होते. मी त्यांच्या निळ्या घोड्यांची आणि बागांची चित्रं मुलांना दाखवते तेव्हा गणवेश कुठला होता हे सांगते आणि तरीही दाखवते. चित्र छापलं म्हणजे झेंड्याला सलाम केला असं होत नाही, असं माझं मत आहे, तुमचं वेगळं असलं तरी लिहीत रहा.

प्रश्न : माणूस गेल्यावर प्रत्येक चित्रकार असंच अमूर्त काढतो का? की हार्टलीच तसा होता?
(एक वाचक, शहादा)

उत्तर : नाही, आणि याचं उत्तर खुद्द हार्टलीच देतो. १९३५ आणि १९३६ ला तो कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात एका कोळी कुटुंबात जाऊन राहिला, त्यांच्यावर त्याचा जीव जडला. सप्टेंबर १९३६ मधे त्या घरातली दोन तरुण मुलं आणि त्यांचा चुलतभाऊ वादळात समुद्रात बुडाले. या वेळेस त्याने झेंडे-आकडे काही काढले नाहीत, चक्क माणसं काढली. चेहरे, मोठे मोठे हात, समोर बघणारे डोळे. एकाच्या कानावर फूल खोचलेलं. ‘फिशरमेन्स लास्ट सपर’ मधे सगळं कुटुंब जेवायला बसलंय आणि बुडालेल्या दोघांच्या डोक्यावर चांदण्या आहेत, त्यावरून कळतं की हे दोघं आता नाहीत.

चित्रकार तोच, धक्का तसलाच, पण वीस-बावीस वर्षांनी रस्ता पार उलटा. माझा अंदाज असा की नोव्हा स्कोशियात त्याला दुःख झाकायची गरज नव्हती. तो त्या घरात राहणारा माणूस होता, सगळ्यांबरोबर रडू शकत होता. बर्लिनला एकटा होता. भुसावळच्या मुलीने हे पण वाचावं, वस्तूंचं चित्र करून झालं की कदाचित तिला चेहरा काढावासा वाटेल, आणि तेव्हा तो येईल.

प्रश्न : ताई, आमच्या चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस यांच्याबद्दल लहानपणापासून ऐकतोय की प्रेयसी येईल म्हणून ते रेल्वेची वाट बघत आयुष्यभर घरातच राहिले. मग त्यांची कला पण हार्टलीसारखी दुःखातूनच आलेली म्हणायची का?
(एक गृहिणी, चाळीसगाव)

उत्तर : घाई करू नका असं म्हणेन. पंजाब मेल या गाडीची वाट बघण्याची ती गोष्ट आपल्या सगळ्या खान्देशात सांगतात, आणि केकी मूस (१९१२ ते १९८९) कित्येक वर्षं घराबाहेर पडले नाहीत हेही खरं. पण हार्टलीच्या बाबतीत पुरावा चित्राच्या आत आहे, नाव आहे, वय आहे, पट आहे. गोष्ट काढून टाकली तरी चित्रात काहीतरी गेल्याचं दिसतं. केकी मूस यांची गोष्ट मात्र कामाच्या बाहेर आहे, आणि ती इतकी गोड आहे की लोक तीच ऐकून परत येतात, काम बघतच नाहीत. घरातल्या टेबलावर साध्या साध्या वस्तू मांडून त्यांनी जे टेबलटॉप फोटो काढले, नुसत्या प्रकाशावर डोंगर आणि वाटा उभ्या केल्या, ते चिकाटीने, रात्र-रात्र जागून शिकलेल्या माणसाचं काम आहे. त्याला नुसतं विरहाचं लेबल लावलं तर त्या मेहनतीवर अन्याय होतो. त्यांचं संग्रहालय स्टेशनजवळच आहे, तुम्ही तर गावातल्याच. मुलांना घेऊन जा, गोष्ट घरी आल्यावर सांगा.

आणि बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून, हार्टलीचं ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधे आहे, स्टीग्लिट्झच्या संग्रहातून १९४९ ला तिथे आलं. म्युझियमच्या वेबसाइटवर मोठं करून बघता येतं. मोबाइलपेक्षा कॉम्प्युटरवर बघा, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करा.